मोठे टायर घातल्यावर गाडी थरथरते? बॅलन्सिंगच्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टायरचं काम करतोय त्याला अठरा वर्षं झाली. थार नाहीतर बोलेरो कॅम्पर उंच करायची, 33 इंची मड टायर घालायचे आणि दुसऱ्या दिवशी ‘हायवेला स्टेअरिंग थरथरतंय’ म्हणत दारात यायचं, हे आता रोजचं झालंय. चुका मात्र त्याच त्या.

बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं व्हावं म्हणून रिमला छोटी वजनं लावणं. त्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मशीननं झिरो दाखवलं की काम झालं असं समजणं. गेल्या पावसाळ्यात शिरोळचा एक पोरगा थार घेऊन आला. दुसरीकडं तीनदा बॅलन्सिंग करून झालेलं, पुढच्या डाव्या चाकाला 230 ग्रॅम वजनं चिकटवलेली. म्हणाला, "दादा, मशीन झिरो दावतंय, मग ऐंशीला स्टेअरिंग का हालतंय?" मी चाक मशीनवर चढवलं, झिरो आणलं. मग नट ढिला करून चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवलं आणि पुन्हा आवळलं. आकडा आला 70 ग्रॅम! टायर तोच, वजनं तीच. म्हणजे चाक मशीनवर मधोमध बसतच नव्हतं. बाहेरून घेतलेल्या बऱ्याच अलॉय रिमचं मधलं भोक मोठं असतं. गाडीवर ते नटांच्या जोरावर मध्याला येतं, मशीनवर मात्र नुसता कोन (मधल्या भोकात बसणारा शंकूसारखा तुकडा) दाबला की तिरकं बसतं. मी सगळी वजनं खरवडून काढली, कोन आतल्या बाजूनं लावला आणि पुढून सहाही नटांच्या भोकांत बोटं बसणारी प्लेट दाबली. 85 ग्रॅममध्ये काम झालं. किणी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो, स्टेअरिंग गप्प.

तेव्हापासून अर्धा फेरा फिरवून बघितल्याशिवाय मोठं चाक माझ्या मशीनवरून उतरत नाही. तुम्हीही शेजारी उभं राहून करून घ्या. चार चाकं वीस मिनिटांत पाहिजेत म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही. ‘50 ग्रॅमनं काय होतंय?’ असं विचारतात. शंभरच्या वेगाला हे चाक सेकंदाला जवळपास 11 फेरे मारतं, आणि रिमच्या कडेचे तेवढे 50 ग्रॅम सुमारे 5 किलोच्या जोरानं चाकाला ओढत राहतात.

दुसरी चूक चिखलाची. दाजीपूर, गगनबावड्याकडनं आलेली गाडी तशीच बॅलन्सिंगला आणू नका. तांबडा चिखल रिमच्या आत वाळून विटेसारखा घट्ट होतो. बाहेरून गाडी चकाचक, आत मूठभर माती. तिच्यासकट बॅलन्सिंग केलं की पुढच्या धुण्यात माती गळते आणि लावलेली वजनंच बाधतात. मी आधी रिम आतून धुतो, वजनाची जागा कोरडी करून थिनरनं पुसतो. ओल्या रिमवर चिकटवलेलं वजन पहिल्याच ओढ्यात जातं.

एका चाकाला 150 ग्रॅमच्या वर वजन लागायला लागलं तर थांबा. हवा सोडून बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कडा, मोकळी करा आणि टायर रिमवर अर्धा फेरा फिरवा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणा. ती टायरची हलकी बाजू असते.

अलॉय खराब दिसेल म्हणून सगळी वजनं एकाच ओळीत लावून घेऊ नका. एवढ्या रुंद टायरला आत आणि बाहेर, दोन्हीकडं लागतात.

पंक्चरचं जेल टाकलेल्या टायरचं बॅलन्सिंग मी करत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते, बघा, बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. आणि ॲक्सिलरेटर दाबला की थरथर वाढते, सोडला की कमी होते, असं असेल तर गाडी उंच केल्यानं प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनचा जोर चाकांकडं नेणाऱ्या दांड्याचा) तिरकेपणा बदललाय. गाडी ज्यानं उंच केली त्याच्याकडं जा. दहा वेळा बॅलन्सिंग केलं तरी ते जाणार नाही.

चाकाचे नट मशीनच्या गननं एका दमात आवळू देऊ नका. समोरासमोरचे, हातानं, दोन टप्प्यांत. आणि 100 किलोमीटर झाले की दुकानात या, नट पुन्हा बघून देतो. त्याचे पैसे घेत नाही.