निवृत्तीनंतर पुन्हा स्टिरिओ घेताना या चुका टाळा

नोकरीच्या धबडग्यात मागे पडलेला स्टिरिओचा छंद निवृत्तीनंतर पुन्हा डोकं वर काढतो, आणि बहुतेक जण सगळ्यांत आधी पाहतात ते वॅट. पैसे तिथेच वाया जातात. ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठ्याने वाजणारे) स्पीकर घेतले, तर तेवढाच फायदा ५० वॅटमध्ये मिळतो. म्हणून आधी स्पीकर ठरवा, मग अ‍ॅम्प्लिफायर. दोन्हींचे ओहम (विद्युत रोधाचा आकडा) जुळतात ना, तेही पाहा.

जुना टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) मात्र घाईने भंगारात देऊ नका. नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज क्षीण, पिचका आला की दोष कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, दिला जातो. खरं कारण बहुधा वेगळंच असतं. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, शिवाय रेकॉर्ड तयार करतानाच त्यातला खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो. हे भरून काढायला फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबलसाठीची खास जोडणी, लागतो आणि आजच्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरना तो नसतो. हेच करणारा वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प जोडला की काम होतं. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर टर्नटेबलची अर्थिंगची वायर तपासा. आणि झिजलेल्या सुईने एकही रेकॉर्ड वाजवू नका; खाचांची झालेली नासाडी भरून येत नाही. जुन्या स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याभोवतीचा (कोनभोवतीचा) फोम विरला असेल तर तेवढाच बदलून मिळतो.

खर्ज गायब आणि गायक मधोमध उभा न राहता विखुरल्यासारखा वाटतोय? बहुतेक एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्यात. खर्ज घुमतोय? स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणा. नवी वस्तू परत करण्याआधी एवढं कराच.

वयानुसार वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात. त्यावर ट्रेबल (वरच्या सुरांचा आवाज) वाढवत नेणं हा उपाय नव्हे. खरेदीआधी श्रवणचाचणी करून घ्या. श्रवणयंत्र असेल तर ते मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागा आणि तो लावूनच स्पीकर ऐका. स्पीकरच्या दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगा, कारण किंचित मोठ्याने वाजणारी जोडी कानाला उगाच सरस वाटते.