मालवणात साधी खोली घेताय? या चुका टाळा

मालवणातल्या साध्या लॉजबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून चारच गोष्टींवर येतात: पाणी, वीज, मासे आणि अंतर. यातली एकही गोष्ट फोटोत दिसत नाही. फोटोत दिसते ती इस्त्रीची चादर आणि तिच्यावर ठेवलेलं जास्वंदीचं फूल.

मोठ्या हॉटेलात या चार गोष्टी बघायला पगारी माणसं असतात. न्याहारी-निवासात मालक, स्वयंपाकी, प्लंबर आणि रिक्षा ठरवून देणारा बहुतेक एकच, फार तर नवरा-बायको दोघं. त्यामुळे खोली खरी ठरते ती त्यांच्याशी फोनवर दहा मिनिटं बोलून. ॲपवर पैसे भरले असले तरी हा फोन चुकवू नका.

आधी खोलीचे पैसे, मग गाडीचं तिकीट काढणं

मालवणला रेल्वे नाही. सोयीचं स्टेशन कुडाळ, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. कणकवलीहून अंतर वाढतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस होतं) आणि गणपती, मे महिना, नाताळ या दिवसांत कोकणकन्या नि तुतारी या गाड्यांची तिकिटं बघता बघता प्रतीक्षायादीत जातात. खोलीचे पैसे भरून बसलात आणि तिकीट मिळालं नाही, तर ते पैसे परत मागण्यात दोघांचंही मन खट्टू होतं. म्हणून आधी मालकाला तारखा तोंडी धरून ठेवायला सांगा. तिकीट पक्कं झालं की त्याच दिवशी आगाऊ रक्कम पाठवा.

दुसरा घोळ वेळेचा. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी सकाळी कुडाळला पोचते, खोली मात्र दुपारी १२ ला मिळते. 'चेक-आउट २४ तासांचं की ठरलेल्या वेळेचं?' हा प्रश्न आधीच विचारा. ठरलेल्या वेळेचं असेल तर 'सामान ठेवून आंघोळ करायला जागा मिळेल का?' हेही विचारून घ्या. बहुतेक घरांत मिळते, पण आदल्या रात्री खोल्या भरलेल्या असतील तर नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी करते आणि वेगळं वेळापत्रक लावते, तेव्हा उन्हाळ्यातली वेळ डोक्यात ठेवून रिक्षा बोलावू नका. रिक्षाही मालकाकडूनच, भाडं आधी ठरवून मागवा.

महिना न बघता तारीख काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सिंधुदुर्गात प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. म्हणजे जूनमध्ये येऊन सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरून नुसता बघायचा, स्कूबाचं नाव काढायचं नाही. पुढेही समुद्र खवळला की होड्या बंद होतात. त्यावर लॉजमालकाचा इलाज नसतो, त्याच्याशी भांडू नका.

यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. या दोन महिन्यांत ताटात येणारी सुरमई बर्फातली असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा खाडीचा मासा मिळाला तर तो मागा, नाहीतर सुका बांगडा किंवा सरळ कोंबडी-वडे. हट्टाने पापलेट मागणाऱ्याला पापलेट मिळतं, पण ते कुठलं नि कधीचं ते विचारायचं नाही.

गणेशचतुर्थीच्या आठवड्यात चाकरमानी गावी आलेले असतात आणि लॉजमालकाच्या घरीही गणपती असतो. खोली मिळाली तरी स्वयंपाकघर बंद किंवा फक्त शाकाहारी. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर पंचांगात सापडतच नाही. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. जत्रेला लाखो माणसं लोटतात आणि मालवणपर्यंतच्या खोल्या भरतात. त्या दोन महिन्यांत यायचं असेल तर मालकाला आधी जत्रेची तारीख विचारा, दर नंतर.

मे महिन्यात गर्दी, उकाडा आणि आटलेल्या विहिरी हे तिन्ही एकत्र येतात. खिशाला आणि जिवाला परवडणारा काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि नंतर जानेवारीतले सोमवार ते गुरुवार. समुद्र फक्त बघायचा असेल, पोहायचं-बुडायचं नसेल, तर जुलैसारखा महिना नाही. दर उतरलेले असतात आणि घावणे तव्यावरून थेट ताटात पडतात. मात्र कपडे वाळणार नाहीत हे धरून या.

तारकर्ली म्हणजे नेमकं कुठे?

जाहिरातीत 'तारकर्ली' लिहिलेली खोली प्रत्यक्षात देवबागेत निघते, कधी वायरी गावात. मालवण एसटी स्टँडपासून तारकर्ली साधारण ७ किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधली चिंचोळी पट्टी. जागा सुंदर, पण रस्ता एकच आणि अरुंद. सुट्टीच्या दिवशी दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं.

स्वतःची गाडी नसेल तर मालवण शहरातच, भरड भागात किंवा बाजारपेठेच्या आसपास राहा. जेटी, बाजार, खानावळी चालत होतात आणि रात्री जेवून परतायला रिक्षा शोधावी लागत नाही. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर चिवला किनारा बरा, शहरालाच लागून आहे. तारकर्ली-देवबाग गाडीवाल्यांसाठी.

'समुद्र दिसतो का?' असं विचारू नका, गच्चीवरून सगळीकडूनच दिसतो. 'खोलीतून निघाल्यावर वाळूत पाय पडेपर्यंत किती मिनिटं, आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का?' असं विचारा. मग जागेची खूण मागवून घ्या आणि ती नकाशावर स्वतः तपासा.

पाणी आणि वीज वेगळी समजणं

बऱ्याच लॉजवर पाणी विहिरीचं. पंप ते टाकीत चढवतो, टाकीतून ते नळाला येतं. पंप विजेवर चालतो, म्हणून वीज गेली की थोड्या वेळाने पाणीही जातं. पावसात माडाची झावळी किंवा झाडाची फांदी तारांवर पडली तर हे तासन्‌तास चालतं.

हिशोब साधा आहे. एका माणसाला आंघोळ, शौच आणि वाळू धुवायला निदान दोन मोठ्या बादल्या, म्हणजे ४० लिटर लागतात. चार खोल्यांत तिघं-तिघं धरले तर १२ माणसं, ४८० लिटर. गच्चीवर ५०० लिटरची एकच टाकी असेल तर ती सकाळी नऊपर्यंत रिकामी. फोनवर विचारायचं ते हेच: टाकी केवढी, खोल्या किती, आणि पंपाला जनरेटर आहे का. मालक चिडत नाही. उलट विचारणारा माणूस पाणी जपून वापरेल असं त्याला वाटतं. रात्री झोपताना एक बादली भरून ठेवा, सकाळी ती उपयोगी पडतेच.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात. खोलीची त्यात चूक नाही. आंघोळीला तेच वापरा, प्यायला मात्र फिल्टरचं किंवा उकळलेलं मागा. काळ्या टाकीतलं पाणी मेमध्ये दुपारी इतकं तापतं की हात धरवत नाही, तेव्हा आंघोळ सकाळी उरका.

'इन्व्हर्टर आहे' या उत्तराने समाधान मानू नका. इन्व्हर्टरवर पंखा नि दिवा चालतो, एसी आणि गीझर नाही. १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी चार खोल्यांचे पंखे-दिवे नवी असताना तीन-साडेतीन तास ओढते, जुनी झाल्यावर त्याच्या निम्मं. एसीशिवाय झोप लागणार नसेल तर जनरेटर कोणत्या वेळात चालवतात ते विचारा.

गीझर 'बिघडलेला' वाटतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, व्होल्टेज कमी असतं. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर गीझरची ताकद जवळपास ४० टक्क्यांनी घटते. मग एरवी १५ मिनिटांत तापणाऱ्या १५ लिटरला २५ मिनिटं लागतात. दोन आंघोळींच्या मध्ये तेवढा वेळ सोडा. सौर गीझर असेल तर जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबू नका, बंबाचं पाणी मिळेल का ते विचारा.

वीज येऊन-जाऊन करत असेल तर एसी लगेच चालू करू नका. चार-पाच मिनिटं थांबा, नाहीतर कॉम्प्रेसर अडतो आणि खोलीभर 'एसी खराब' अशी ओरड होते. एसी चालू असताना खिडकी उघडी ठेवली की बाहेरची दमट हवा आत येऊन फरशीवर पाणी जमतं, पाय घसरतो. दमट दिवसांत २५-२६ अंश पुरे, रिमोटवर 'ड्राय' असेल तर तेच लावा.

जेवण असेलच असं धरणं

घरगुती खानावळीत मासे माणसं मोजून आणतात. दुपारचं जेवण हवं असेल तर आदल्या रात्री, रात्रीचं हवं असेल तर दुपारच्या आत सांगा. कोंबडी-वड्यांना तर वेळ लागतोच: गावठी कोंबडी शिजायला, आणि वड्याचं पीठ मुरायला. आठ वाजता येऊन साडेआठला ताट मागितलं तर ब्रॉयलर मिळेल.

दरपत्रकात माशासमोर आकडा नसून 'आकारानुसार' लिहिलेलं असेल, तर मासा आधी बघा, भाव विचारा, मगच तळायला सांगा. तळल्यावर भाव विचारण्यात अर्थ नाही. संकष्टी किंवा सोमवार येत असेल तर त्या दिवशी घरात मासे शिजतात का ते विचारून घ्या. शाकाहारी मंडळींनी भांडी नि तवा वेगळा लागणार असेल तर ते खोली घेतानाच सांगावं, ताटावर बसल्यावर नव्हे.

एक सूचना भाषेची. इथला माणूस पाहुण्याला सहसा तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'बघूया' म्हणाला तर ते बहुतेक नाहीच आहे. 'होय, करून ठेवतंय' असं ऐकू येईपर्यंत जेवण ठरलं असं समजू नका.

आगाऊ पैसे आणि बिल

प्रसिद्ध निवासांच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघतात आणि पूर्ण रक्कम आधीच मागतात. साध्या लॉजला एका रात्रीचं भाडं आगाऊ पुरतं. पैसे पाठवताना यूपीआयवर दिसणारं नाव आणि फोनवर बोललेल्याचं नाव जुळतं का बघा. शंका आली तर व्हिडिओ कॉल करून अंगणातून रस्ता दाखवायला सांगा. परतावा घ्यायला तुम्हाला क्यूआर स्कॅन करायला सांगितलं तर तिथेच थांबा, पैसे मिळण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही.

मग एक निरोप पाठवून ठेवा, असा काहीसा: 'नमस्कार वहिनी, १२ जानेवारी सकाळ ते १४ जानेवारी सकाळ, एक एसी खोली, ३ मोठी नि १ लहान, एक जादा गादी धरून रोज अमुक रुपये ठरले. एका रात्रीचे आज पाठवले. १२ ला दुपारी चार मासळीची ताटं. बरोबर ना?' त्यावर 'होय' आलं की झालं.

एसी खोली नॉन-एसी दराने देण्याची पद्धतही आहे, तेव्हा रिमोट काढून घेतात. दर कुठला धरलाय ते या निरोपात स्पष्ट असू द्या. जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे. लहान मालकाची नोंदणी नसेल तर तो कर लावूच शकत नाही. लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं लागतं, आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालते. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील तर ते खोली घेतानाच सांगा. त्यांची माहिती मालकाला २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते आणि ती सोय नसलेली घरं ऐन वेळी नकार देतात.

पिशव्या ठेवण्याआधीची पाच मिनिटं

बाथरूममध्ये गटाराचा वास येत असेल तर आधी जाळीत दोन तांबे पाणी ओता. खोली काही दिवस बंद राहिली की जाळीखालच्या वाटीतलं पाणी आटतं आणि वास वर येतो. दहा मिनिटांत गेला नाही तर खोली बदलून मागा. फ्लश भरत नसेल तर टाकीखालचा छोटा कॉक बंद आहे का बघा.

उशी नाकाला लावून बघा. कुबट वास आला तर अभ्रा बदलून भागत नाही, उशीच बदलून घ्या. गादीची शिवण मोबाइलच्या उजेडात तपासा, काळे ठिपके दिसले तर ढेकूण. अशा खोलीत बॅग पलंगावर ठेवू नका, घरी घेऊन जाल. खिडकीला जाळी नसेल तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी खिडक्या लावा. विजेवरचं मच्छर-यंत्र वीज गेल्यावर बंद पडतं, म्हणून कासवछाप आणि काडेपेटी जवळ हवी.

पावसाळ्यात लाकडी दरवाजा फुगतो, कडी ओढून-ढकलून लावावी लागते. आतून कडी नीट बसते का हे दिवसाउजेडी बघून ठेवा. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर धुकं बसतं, अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

शेवटचा दिवस

मुंबईकडच्या रात्रीच्या गाड्या कुडाळहून संध्याकाळनंतर सुटतात, खोली मात्र सकाळी सोडावी लागते. मधल्या वेळात सामान कुठे ठेवायचं ते आदल्या रात्रीच विचारा. समुद्रात उतरायचं असेल तर सकाळी लवकर उतरा आणि कपडे गोड्या पाण्यात खळबळून अंगणातल्या दोरीवर टाका. खारं पाणी राहिलेला कपडा वाळला तरी हवेतला ओलावा ओढत राहतो आणि बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांना वास लावतो. दोरी आणि सहा चिमटे घरूनच आणा. लॉजची दोरी त्या वेळेपर्यंत इतरांच्या टॉवेलांनी भरलेली असते.