सरकारी रोखे घेताय? मग या चुका टाळा

"सरकारी आहे ना, मग एफडीच समजायची!" बँकेच्या ट्रेझरी खात्यातून निवृत्त झाल्यापासून पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत हे वाक्य मला लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यासमोर, कुठेही ऐकावं लागतं. नोव्हेंबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेनं रिटेल डायरेक्ट ही योजना सुरू केली आणि १०,००० रुपयांपासून कुणालाही केंद्राचे रोखे, म्हणजे सरकारनं ठरावीक मुदतीसाठी व्याजानं घेतलेल्या कर्जाचे कागद, थेट घेता येऊ लागले. सोय उत्तमच झाली. पण खातं मोबाइलवर बसल्या बसल्या उघडतं, म्हणून रोखाही बसल्या बसल्या समजला असं लोक धरून चालतात.

रोख्याला एफडी समजणं

सगळ्या चुकांची आजी ही. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मित्राच्या मुलानं २०२१च्या डिसेंबरात '६.१० टक्के २०३१' हा, म्हणजे शंभरामागे दरसाल ६.१० रुपये व्याज देणारा आणि २०३१मध्ये मुदत संपणारा, रोखा घेतला. घराच्या पझेशनचा हप्ता पुढच्या पावसाळ्यात भरायचा होता, तोवर पैसे सरकारकडे सुरक्षित, असा हिशेब. रोखा दहा वर्षांचा आणि गरज सहा-सात महिन्यांवर, हे त्याला खटकलंच नाही. मे २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली. जूनपर्यंत दहा वर्षांच्या रोख्यांचा बाजारातला परतावा साडेसातच्या घरात गेला आणि नेमकं तेव्हाच बिल्डरचं पत्र आलं. मला फोन: "काका, स्क्रीनवर शंभराच्या रोख्याची किंमत ९१ दाखवतंय. सिस्टिमचा काहीतरी घोळ आहे."

घोळ कसला? बाजारात साडेसात टक्के मिळत असताना तुमचा ६.१०वाला रोखा शंभराला कोण घेईल? उरलेली नऊ वर्षं दरसाल शंभरामागे १ रुपया ४० पैसे कमी मिळणार, ती भरपाई घेणारा आजच किमतीतून कापून घेतो. गणित केलं की उत्तर ९१च्या आसपास येतं. त्यात किरकोळ विकणाऱ्याची आणखी एक अडचण असते. या बाजारातले मुख्य सौदे पाच-पाच कोटींच्या पटीत होतात, लहान रकमांना ऑड-लॉटची वेगळी खिडकी असते आणि तिथे गिऱ्हाईक तुरळक. पठ्ठ्यानं हट्टानं ९८ला विक्री लावून ठेवली, कुणी हात लावला नाही. शेवटी हप्त्याची तारीख आली तेव्हा मिळेल त्या भावाला काढला. मुदतीपर्यंत थांबला असता तर पै न् पै मिळाली असती.

सरकार पैसे बुडवणार नाही हे खरं. पण तुम्ही म्हणाल त्या दिवशी शंभराचे शंभर देईन, असं सरकारनं कधीच म्हटलेलं नाही. किंमत हलते, कारण हा कागद फक्त तुमच्यासाठी छापलेला नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्रानं बाजारातून १४.८२ लाख कोटी रुपयांचं ढोबळ कर्ज उचलायचं ठरवलं होतं. २००६पासून रिझर्व्ह बँक सर्वसाधारण परिस्थितीत हे रोखे सरकारकडून थेट विकत घेऊ शकत नाही, म्हणून सरकारला लिलावात उतरावं लागतं. तिथे बँका असतात (एसएलआर या सक्तीच्या राखीव हिश्शापोटी ठेवींच्या साधारण १८ टक्के त्यांना मुख्यतः अशाच कागदांत ठेवावे लागतात), विमा कंपन्या असतात, भविष्य निर्वाह निधी असतात. तिथे जो दर ठरतो त्याच्यावर थोडं चढवून राज्यांची कर्जं आणि कंपन्यांचे रोखे यांचे दर ठरतात. महागाई, तेल, तुटीचा आकडा, कसलीही बातमी आली की सगळ्यात आधी हाच दर हलतो. तुमचा १०,०००चा रोखाही त्याच नावेत बसलेला आहे.

माझी सवय साधी आहे. पैसे कधी लागणार ती तारीख आधी वहीत लिहायची आणि त्याआधी मुदत संपणाराच रोखा बघायचा. वर्षाच्या आतली गरज असेल तर ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचाच अल्प मुदतीचा कागद. तारीख माहीत नसेल तर एफडी करा. त्यात कमीपणा नाही.

कूपन बघून भुलणं

कूपन म्हणजे रोख्यावर छापलेला व्याजदर. "काका, ८.६० टक्केवाला मिळतोय, ७वाला कशाला घेऊ?" कारण तो ८.६०वाला शंभराला मिळत नाही. समजा मुदत तीन वर्षं उरलीय आणि बाजारात ६ टक्के चाललेत, तर त्याची किंमत साधारण १०७ होते. व्याज जास्त दिसतं, पण शेवटी हातात १००च येतात. वरचे सात रुपये तुम्ही स्वतःच आधी भरलेले असतात आणि त्या व्याजावर करही भरता. कूपनच्या रकान्यावर बोट ठेवून झाकायचं आणि मुदतीपर्यंतचा परतावा वाचायचा. यील्ड टू मॅच्युरिटी लिहिलेलं असतं, शोधायचे कष्ट घ्या. खरेदीच्या रकमेत मागच्या व्याज-तारखेपासूनचं साचलेलं व्याजही धरतात, म्हणून एकूण रक्कम किमतीपेक्षा जास्त आली तर लगेच तक्रार टाकू नका.

बाकीच्या

ट्रेझरी बिलाचं व्याज कधी जमा होणार, असं विचारू नका. ते सवलतीत मिळतं. ९१ दिवसांचं १०,०००चं बिल साडेपाच टक्क्यांनी साधारण ९,८६५ला पडेल, मुदतीला १०,००० मिळतील, संपलं.

टीडीएस कापला नाही म्हणजे करमुक्त, हा समज काढून टाका. व्याज तुमच्या स्लॅबनुसार करपात्रच आहे.

सरकारी कंपनीचा बाँड म्हणजे सरकारचा रोखा नव्हे. आणि व्हॉट्सअॅपवर 'सरकारी बाँड, १२ टक्के' असं आलं की पुढे पाठवायच्या आधी निदान कुणी काढलाय ते तरी वाचा.

लिलावात दर स्वतः सांगायच्या फंदात पडू नका. स्पर्धेबाहेरची बोली लावली, म्हणजे दर न सांगता फक्त रक्कम सांगितली, की दर सांगणाऱ्या यशस्वी स्पर्धक बोलींच्या भारित सरासरी दरानं (मोठ्या रकमेच्या बोलीला जास्त वजन देऊन काढलेल्या सरासरीनं) रोखा मिळतो. घाई असणाऱ्यांना हा रस्ता मिळमिळीत वाटतो, मला तोच आवडतो.

फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड, म्हणजे सरकारचाच पण व्याजदर वेळोवेळी बदलणारा बाँड, वेगळा. सात वर्षांचा, बाजारात विकता येत नाही, गहाण ठेवून बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून कर्जही काढता येत नाही. ज्येष्ठांना वयानुसार चार ते सहा वर्षांनी दंड भरून बाहेर पडता येतं. नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाई दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे तो 'विकून द्या' म्हणून आल्या होत्या. त्यांना चहा दिला, दुसरं काय देणार?