जुन्या गाडीला नवे टायर: आधी वर्ष बघा, मग किलोमीटर

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की तिचं रनिंग आटतं. बाजार, शाळा, ऑफिस, सणाला गाव. वर्षाचे सहा-सात हजार किलोमीटर होतात. अशा गाडीचे टायर घासून क्वचितच संपतात, ते वयाने संपतात. नक्षी पाच मिलिमीटर शिल्लक असते, पण रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्याच पावसात ब्रेक दाबल्यावर गाडी घसरते.

टायरच्या कडेवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बाहेरच्या बाजूला ते दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात. चाक पूर्ण वळवून टॉर्च मारून बघा. स्टेपनीचेही बघा, ती कित्येकदा गाडीबरोबर शोरूममधून आलेलीच असते. मिशलँसारख्या (मिशेलिन) टायर कंपन्या दहा वर्षं ही वरची मर्यादा मानतात. बारा महिने उघड्यावर, उन्हात उभ्या असणाऱ्या गाडीसाठी आमच्या मते सहा वर्षं पुरेत. कडेवर किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर तेवढीही थांबू नका. कडेला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात, त्यावर दुरुस्ती नाही.

नक्षीची खोली मोजायचा गेज शे-दीडशे रुपयांत मिळतो. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, आणि खाचांमधली उंचवट्याची खूण त्याच मापाला असते. टायर गोटा व्हायची वाट बघू नका. नवीन टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर असते. ती तीनवर आली की पाणी बाजूला सारायची ताकद बरीच घटलेली असते. मृग लागायच्या आत बदलून घ्या.

दुकानात जाण्याआधी जुने टायर वाचा

टायर मधोमध घासला असेल तर हवा जास्त होती. नक्षीच्या दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी. फक्त आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलं आहे. पण जुन्या गाडीत नुसतं अलाइनमेंट करून भागत नाही: लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे) फाटलेले किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) ढिला असेल तर मशीनवर जुळवलेला कोन पहिल्या दोन-चार खड्ड्यांत पुन्हा हलतो. नक्षीवर हात फिरवल्यावर जागोजागी खळगे लागले तर शॉकअब्सॉर्बर बसलेत. ही कामं आधी करा. नाहीतर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्येच एका कडेने खाल्ले जातात आणि दोष मात्र टायरच्या कंपनीला जातो.

माप कंपनीचंच

ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर माप आणि हवेचं प्रेशर दोन्ही असतं. उदाहरणार्थ, २०१३च्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो: रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ होता. हिशेब केला तर पहिल्याचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि दुसऱ्याचा ६२२, म्हणून स्पीडोमीटरला काही फरक पडत नाही. पण दुसऱ्याला १५ इंची रिम लागतात. त्यासाठी चार रिम विकत घेणं, स्टिअरिंग जड करून घेणं आणि अ‍ॅव्हरेज घालवणं रोजच्या गाडीला परवडत नाही.

‘एक नंबर मोठा टाका, गाडी उंच होईल’ हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. १४५/८० आर १३ च्या जागी १५५/८० आर १३ बसवला तर व्यास जवळपास १६ मिलिमीटरने वाढतो. गाडी शंभरने पळत असते तेव्हा काटा ९७च्या आसपास दाखवतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलात तर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो.

मापानंतर ८५ टी असं काही लिहिलेलं असतं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोपर्यंत भार, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नका. कडेवर आयएसआय खूण आहे ना, तेही बघा. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले, टायर कारला लावू नका.

जास्त टिकणारा घ्यावा का?

बहुतेकांची चूक इथे होते. एकच कंपनी एकाच मापात दोन-तीन प्रकार विकते. एखादा जास्त किलोमीटर चालणारा असतो, एखादा पावसात पकड देणारा आणि कमी आवाजाचा. जास्त टिकणाऱ्याचं रबर बहुधा कडक असतं. वर्षाला सहा हजार चालणारी गाडी सहा वर्षांत ३६,००० किलोमीटर करणार. एक लाख चालणारा टायर घेऊन उरलेले ६४,००० तुम्ही कधी वापरणार? अशा घराने ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टायरच घ्यावा, थोडा लवकर झिजला तरी. रोज नाशिक-मुंबई करणाऱ्याचं गणित वेगळं.

नोंदणीची १५ वर्षं भरत आली असतील आणि गाडी काढायचीच असेल, तर महागडे प्रकार सोडून नेहमीच्या भारतीय कंपन्यांचा साधा टायर घ्या. फक्त तारीख ताजी हवी.

दोनच घ्यायचे असतील तर

नवे मागे बसवा. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीसुद्धा. मेकॅनिक म्हणेल, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग नवे मागे कशाला? कारण ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा ताब्यात येते. मागचे सुटले तर गाडी फिरते, आणि घाटात ती सावरणं सामान्य चालकाच्या आवाक्याबाहेर असतं. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन वेगवेगळ्या नक्षीचे टायर नकोत.

बसवण्याच्या दिवशी

टायर रिमवर चढण्याआधी प्रत्येकाची तारीख स्वतः वाचा. सहा महिन्यांच्या आतला उत्तम. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. एकदा बसवला की परत कोणी घेत नाही.

चारही व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा. साध्या लोखंडी रिमला टीआर ४१३ हा रबरी व्हॉल्व्ह चालतो आणि किंमत किरकोळ असते, तरी नवा न टाकता जुनाच ठेवला जातो आणि महिन्याभरात हवा हळूहळू उतरू लागते. जुन्या लोखंडी रिमची कड गंजलेली असते. टायर जिथे टेकतो ती पट्टी तारेच्या ब्रशने घासून घ्या, नाहीतर पंक्चर नसताना हवा जाते आणि पंक्चरवाला पाण्यात बुडवून दमतो. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ यायला हवा, ती टायरची हलकी बाजू असते. बॅलन्सिंग करताना (चाक समतोल फिरावं म्हणून रिमला छोटी वजनं लावतात) जुनी वजनं आधी काढलीत ना, हे बघा. एका चाकाला ६०-७० ग्रॅम लागत असतील तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा मोजायला सांगा.

नट हाताने लावून मग समोरासमोर आवळायचे. नुसत्या एअर गनने आवळले तर पुढे पंक्चर झाल्यावर ते गाडीतल्या पान्याने सुटत नाहीत. ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्या.

बिल पक्कं घ्या, टायरचे नंबर त्यावर लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुना दर सांगून घासाघीस करणाऱ्याला तेवढी आठवण करून द्या.

हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवरच्या आकड्याएवढी. नायट्रोजनसाठी पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात तासन्‌तास ताशी ११०-१२० ने पळताना कमी हवेचा टायर कडेतून सारखा वाकतो, आतून तापतो आणि फुटतो. निघण्याआधी घराजवळच्या पंपावर हवा बघा. वाटेत गरम टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगातली वळणं टाळा, कारण नव्या रबरावर साच्यातून निघताना लागलेला गुळगुळीत थर असतो.