जपानी पुस्तकाची नोंद मागच्या पानापासून

सगळ्यात आधी ड्यू-डेट स्लिप चिकटवणाऱ्या माणसाला गाठा. गंमत करत नाहीये. नवी मुंबईतल्या ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी, करते, तिथे भेट आलेल्या जपानी पुस्तकांचे खोके माझ्या टेबलावर पोचायच्या आतच आमच्या शिपाईकाकांनी चाळीसेक पुस्तकांना स्लिपा लावून टाकल्या होत्या. नेहमीसारख्याच, कव्हर उघडल्यावर पहिल्या पानावर. पण उभ्या ओळींचं जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. काकांचं पहिलं पान म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान. आणि माझ्या कामाचं सगळं तिथेच छापलेलं असतं. दोन दिवस ओला स्पंज घेऊन मी स्लिपा सोडवत बसले होते.

त्या पानावरच्या मजकुराला ओकुझुके म्हणतात. पुस्तकाचा जन्मदाखलाच समजा. आपण शीर्षकपान आणि त्याची पाठ बघतो, तसं इथे आधी ओकुझुके बघायचं. नाव, लेखक, प्रकाशक, तारीख, सगळं तिथे. लेखकाचं नाव कांजीत, म्हणजे चिनी मुळाच्या चित्राक्षरांत, असतं; त्याच्याशेजारी बारीक अक्षरात उच्चारही दिलेला असला, तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

तिथे नवखा माणूस दोन ठिकाणी हमखास चुकतो. ‘हाक्कोजो’ म्हणजे प्रकाशनसंस्था, आणि ‘हाक्कोशा’ म्हणजे बहुतेक वेळा त्या संस्थेच्या वतीने प्रकाशक म्हणून छापलेलं माणसाचं नाव. माझ्या पहिल्या डझनभर नोंदींत प्रकाशक म्हणून माणसांचीच नावं होती. दुसरं, ‘हान’ म्हणजे आवृत्ती आणि ‘सुरी’ म्हणजे मुद्रण. पुस्तक तिसऱ्या आवृत्तीचं सातवं मुद्रण असेल, तर आपल्याला वर्ष हवं तिसऱ्या आवृत्तीचं. सातव्या मुद्रणाची तारीख खाली ठळक दिसते आणि हात तिकडेच जातो.

वर्ष कधी कधी जपानी गणनेत, म्हणजे सम्राटांच्या कारकिर्दींनुसार, असतं. याची भीती आपल्याला तरी वाटू नये, शकात ७८ मिळवून इसवी सन काढणारी माणसं आपण. ताइशोत १९११ मिळवा, शोवात १९२५, हेइसेइत १९८८, रेइवात २०१८. शोवा ५२ म्हणजे १९७७. पहिल्या वर्षाला आकडा नसतोच बऱ्याचदा, ‘गान्नेन’ लिहिलेलं असतं. शोवा ६४ तर जेमतेम सात दिवस चाललं, ८ जानेवारी १९८९ पासून हेइसेइ लागलं. ही बेरजांची चिठ्ठी माझ्या मॉनिटरला चिकटवलेली आहे.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) जपानच्या ९७८-४ ने सुरू होत असेल तर आधी तयार नोंद शोधा. कोहा या आमच्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधून झेड३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी शोधून आणायची सोय) लावून लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद मिळाली, तर निम्मं काम झालं. नाही मिळाली तर जपानच्या राष्ट्रीय डाएट (संसद) ग्रंथालयाचा शोध आणि साइनी बुक्स ही तिथल्या विद्यापीठ-ग्रंथालयांची सामायिक सूची. दोन्हीकडे शीर्षकाचा उच्चार काताकानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत, मिळतो. तो तिथूनच घ्या, स्वतः अंदाज बांधू नका.

जपानी फारसं येत नसेल तर मागच्या कव्हरवर ‘सी’ आणि चार आकडे शोधा. सी०१९३ असेल तर पहिलं ० म्हणजे सर्वसाधारण वाचकांसाठी, १ म्हणजे बुन्को हा खिशात मावणारा आकार, ९३ म्हणजे जपानी कथा-कादंबरी. एक अक्षर न वाचता तुम्ही ड्युई वर्गीकरणात ८९५.६ पर्यंत, म्हणजे जपानी साहित्यापर्यंत, आलात. दोन बारकोड दिसले तर स्कॅन वरचा करायचा. खालचा १९२ ने सुरू होतो, त्यात हाच कोड आणि किंमत असते. आमच्या स्टुडंट असिस्टंटने एक सकाळभर खालचाच बारकोड स्कॅन केला आणि काहीच सापडत नाही म्हणून नेटवर्कला शिव्या घातल्या.

आता खरं दुखणं, ते म्हणजे जपानी उच्चार रोमन लिपीत लिहिणं. मार्कमध्ये, म्हणजे संगणकीय नोंदीच्या ठरलेल्या साच्यात, २४५ क्रमांकाच्या रकान्यात रोमन शीर्षक, ८८० मध्ये मूळ लिपीतलं, आणि सबफील्ड ६ या उपरकान्याने दोघांची गाठ. हे यांत्रिक आहे, आठवड्यात जमतं. शब्द तोडणं मात्र जमत नाही, कारण मूळ लिपीत शब्दांमध्ये जागाच नसते आणि आपल्याला मराठी प्रत्ययांची सवय. ‘मुंबईचा’ एकत्र लिहिणारा हात ‘निहोन्नो’ही एकत्र लिहितो. ते ‘निहोन नो’ (जपानचा) असं सुटं हवं. लिहिलेला ‘हा’ शब्दयोगी म्हणून आला तर ‘वा’ टाइप करायचा, हेही बोटांत बसायला वेळ लागतो.

त्याहून वाईट म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ ओ. देवनागरीत ओ एकच, म्हणून आपल्या कानाला फरक कळतच नाही. ओनो हे आडनाव म्हणजे लहान माळ. दीर्घ ओ केला की मोठा माळ, कांजी वेगळी, घराणं वेगळं. मी रोमन ओच्या डोक्यावरची, दीर्घ दाखवणारी आडवी रेघ गाळली आणि पुढचं नाव सारखं असलेल्या दोन लेखिकांची पुस्तकं एकाच नावाखाली जोडून बसले. आठ महिन्यांनी एका पीएचडीवाल्या मुलीने विचारलं, “मॅडम, या बाईंनी बालसाहित्य आणि बंदर-अभियांत्रिकी दोन्ही लिहिलंय?”

कांजी एकच आणि उच्चार दोन, हेही आहेच. तीच दोन अक्षरं कोणाकडे ‘कोनो’, कोणाकडे ‘कावानो’. आडनावाचा उच्चार ओकुझुकेत नसेल तर डाएट ग्रंथालयाच्या नामसूचीत जन्मवर्ष जुळवून बघा. तिथेही नसेल तर मी नोंद पूर्ण करत नाही. पुस्तक डावीकडच्या कप्प्यात ठेवते, मूळ कांजी वहीत हाताने काढून ठेवते. हिरागाना-काताकाना या दोन्ही उच्चार-लिप्या मी ठाणे–नेरुळ लोकलमध्ये शिकले, ऐरोली ते कोपरखैरणे एक ओळ या हिशेबाने. कांजी अजूनही वहीतच आहेत.

मापाचं सोपं आहे. बुन्को १४.८ सेंटीमीटर उंच, नोंदीत १५, कारण आपण वरचा पूर्ण आकडा घेतो. कव्हरवरचा कागदी पट्टा, ज्याला ओबी म्हणतात, तो फेकू नका. पावसाळ्यात तो सर्वात आधी लोंबायला लागतो, म्हणून मी आत घडी करून ठेवते. स्पाइन लेबल कण्यावरच, पण खंड वर, मधला, खाली अशा कांजींनी दाखवले असतील तर त्या अक्षरांवर लेबल चढू देऊ नका. आमच्या ग्रंथालयाचा बारकोड कुठे लावायचा ते आम्ही पेन्सिलीने फुली मारून देतो. काका हल्ली फुली नसलेलं पुस्तक हातातच घेत नाहीत.