नवा चष्मा सूट होत नाहीये? नंबरला दोष देण्याआधी या चुका टाळा

आमच्या बाबांनी नवा चष्मा केला आणि तिसऱ्याच दिवशी डबीत बंद, म्हणे इंदूरच्या राजवाड्यासमोरचा रस्ताच तिरका दिसतो. दुकानात भांडायला निघालेच होते, तेवढ्यात मी फ्रेम टेबलावर उलटी ठेवून बघितली तर एक दांडी टेकलेली, दुसरी अधांतरी. टीव्ही बघता बघता चष्म्यासकटच झोपतात ना!

साध्या मायनस नंबरला (डोळा जरा लांबट, म्हणून प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते) फ्रेम थोडीफार वाकली तरी खपून जातं. पण सिलिंड्रिकल नंबर असला की कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) गोलावा सगळीकडून सारखा नसतो, त्यामुळे काच ठराविक कोनातच बसायला हवी, त्यालाच अ‍ॅक्सिस म्हणतात. काच 10 डिग्री फिरली की साधारण एक तृतीयांश दोष तसाच राहतो, 30 डिग्री फिरली तर सिलिंडर असून नसल्यासारखाच. म्हणून चष्मा दोन्ही हातांनी काढा, डोक्यावर चढवून फिरू नका. आणि सिलिंडर पहिल्यांदाच लागला असेल तर आठ-दहा दिवस जमीन थोडी हलणारच, लावत राहा. अधूनमधून लावलात तर सवय होतच नाही.

डायबिटीस असेल तर शुगर चढलेली असताना नंबर काढू नका. सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या एका रात्रीच्या जिलेबीबद्दल नाही बोलत मी, बरेच दिवस शुगर वर राहिली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर बदलतो, आणि शुगर उतरली की तोच नवा चष्मा कुचकामी, पैसे गेले ते गेले.

मुलांचं तर विचारूच नका. "चष्मा लावला की नंबर वाढतो" असं म्हणून आज्या चष्मा काढून ठेवतात, अहो नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून! उलट लहानपणी एका डोळ्याला मोठा नंबर असून चष्मा नाही लावला तर तो डोळा आळशी होऊन बसतो. आणि तपासणीआधी डोळा सैलावणारे ड्रॉप्स घालायला सांगितले तर नाही म्हणू नका, मुलं तपासताना डोळ्यावर इतका जोर देतात की मायनस उगाच जास्त निघतो.

चाळिशीवाल्यांनी प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत वर लांबचा, खाली वाचायचा नंबर) घेतला असेल तर जिना उतरताना हनुवटी खाली घ्या, नाहीतर वाचायच्या भागातून पायरी बघाल आणि आपटाल.

दोन आठवड्यांनीही डोकं दुखत असेल तर जुना चष्मा सोबत घेऊन पुन्हा तपासून या. पण अचानक एका डोळ्याने धूसर दिसलं, विजेसारखं चमकलं किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर चष्म्याच्या दुकानात नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.