कार्बोरेटर उघडण्याआधी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून पोरं माझ्याकडे कामाला येतात, तेव्हा स्कॅनर चालवायला त्यांना शिकवावं लागत नाही. कोड वाचतात, सेन्सर ओळखतात. पण अजिंठा चौफुलीवरून एखादी जुनी अ‍ॅम्बॅसॅडर नाहीतर पद्मिनी आत वळली की हात थबकतात, कारण या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात घरच्यांनी जीव लावून सांभाळलेल्या अशा गाड्या अजून आहेत आणि त्या दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. नव्यानं या कामात येणाऱ्या मुलांसाठी एकाच बिघाडाबद्दल लिहितो. या बिघाडानं मला सगळ्यात जास्त शिकवलं.

पारोळ्याकडचे एक काका मार्क फोर अ‍ॅम्बॅसॅडर घेऊन आले होते. पेट्रोलचं १४८९ सीसी इंजिन, सोलेक्स कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). म्हणाले, "भाऊ, तीस-चाळीसवर गाडी मांगेपुढे व्हस, बाकी काही तरास नही." आधी तीन मिस्त्री झाले होते. प्रत्येकानं कार्बोरेटर उघडून धुतला होता. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

माझे उस्ताद एकच वाक्य सांगायचे, "पह्यले आयक, मंग हात लाव." म्हणून मी बॉनेट उघडलंच नाही. काकांना स्टिअरिंगवर बसवलं, मी बाजूला बसलो आणि आसोदा रस्त्याला लागलो. मालकालाच चालवू द्यायचं, कारण त्याचा पाय बिघाडाला सरावलेला असतो. काका तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीसवर आले आणि सवयीनं लगेच दुसरा टाकला. मी म्हटलं, "काका, तिसऱ्यातच राहू द्या, पाय अजिबात हलवू नका." मग कळलं. गाडी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, पुन्हा सोडायची, झोक्यासारखी एका ठेक्यात. साठवर एकदम गुळगुळीत. उभी असताना स्लोही (पाय न देता चालणारं इंजिन) शांत.

इथं पहिला फरक ओळखायचा. मिसिंग असेल, म्हणजे सिलिंडर मध्येच पेटायचा चुकत असेल, तर झटका कधीही येतो, त्याला ठेका नसतो. तिथे इग्निशन, म्हणजे ठिणगीकडचं सगळं बघा: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, वायर. पाय स्थिर असताना ठेक्यात मागेपुढे होत असेल, तर बहुतेक वेळा इंजिनाला पेट्रोलच्या मानानं हवा जास्त मिळते आहे. मिश्रण पातळ झालं की जळणं कमजोर पडतं, वेग उतरतो, मग पुन्हा जरा पकड येते, असं चक्र चालू राहतं.

त्याची खातरजमा करायला पाना लागत नाही. गाडी झोके घेत असताना चोक (मिश्रणात पेट्रोल वाढवणारी खुंटी) पाव भाग ओढा. झोके थांबले तर मिश्रण पातळ आहे. जास्त बिघडलं तर उलट, पेट्रोल जास्त जातंय. काहीच फरक पडला नाही तर आधी इग्निशनकडे वळा. काकांच्या गाडीचा चोक ओढला आणि गाडी लोण्यासारखी चालली. काका माझ्याकडे बघायला लागले.

तरीही गॅरेजला आल्यावर मी पॉइंट बघितलेच. या इंजिनाला पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगची साधारण ०.६४. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची गॅपही बघितली, ०.३८. हे न बघता कार्बोरेटरला हात घालणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. ठिणगी कमजोर असेल तर तेच मिश्रण पातळ असल्यासारखं वागतं आणि आपण दिवसभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

आता मूळ मुद्दा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा तुकडा. कमी वेगात, पाय जेमतेम टेकलेला असताना मेन जेट काम करतच नाही. पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून आणि थ्रॉटलच्या पडद्याजवळच्या (रेस दिली की उघडणारी चकती) बारीक भोकांतून. पडदा जरासा उघडला की ती भोकं एकेक करून कामाला लागतात. म्हणून स्लो बरा, साठवर बरी आणि अध्येमध्ये खराब असं ऐकलं की नजर त्या अरुंद पट्ट्यावर न्यायची. स्लो जेट अडकला असेल, कुठून तरी चोरटी हवा शिरत असेल, किंवा डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढे आणणारा भाग) वेडंवाकडं काम करत असेल.

चोरटी हवा कमी वेगातच का छळते, हे नीट समजून घ्या. फट तेवढीच असते. पण पडदा जवळपास बंद असताना मॅनिफोल्डमधली (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणारी नळी) ओढ जोरात असते आणि इंजिन एकूण हवाच थोडी घेतं. त्यात फटीतून आलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. पूर्ण रेस दिल्यावर तीच फट नगण्य ठरते.

व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी मी कार्बोरेटरकडून काढली, ते तोंड बंद केलं आणि पुन्हा रस्त्यावर गेलो. झोके तसेच. म्हणजे दोष त्यात नव्हता. झोके थांबले असते, तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट अडकते का, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा रबरी पडदा (डायफ्राम) फाटलाय का हे बघितलं असतं. त्यासाठी नळी तोंडानं ओढून जीभ लावायची. प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच रस्त्यावर जाऊन बघा. शिकाऊ असताना मी एका पद्मिनीचं सगळं एकदम बदललं होतं. गाडी सुधारली, पण कशानं सुधारली ते कळलं नाही. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हापासून वहीत लिहितो: काय बदललं, किती वेगात, झोके होते की नाही.

मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि कार्बोरेटरखालचं पॅकिंग यांवर मी पिचकारीनं पाणी मारतो. आवाज बदलला की तिथे हवा ओढते आहे. काही जण यासाठी पेट्रोल उडवतात. कृपा करून तसं करू नका. गरम सायलेन्सरचं इंजिनाकडचं तोंड तिथेच असतं, आणि गाडी पेटायला एक ठिणगी पुरते. व्हॅक्यूम गेज असेल तर स्लोवर काटा १७ ते २१ इंचांच्या आसपास स्थिर हवा. काटा स्थिर पण खाली असेल तर चोरटी हवा किंवा मागे राहिलेलं टायमिंग असू शकतं. ठरावीक अंतरानं टिचकी मारल्यासारखा हलत असेल तर व्हॉल्व्ह बघा.

काकांच्या गाडीत पॅकिंग ठीक निघालं. मग मिश्रणाचा स्क्रू आत फिरवत मोजला. चार फेऱ्या बाहेर होता. दीडच्या आसपास असायला हवा होता. खूण तीच होती. कुठून तरी हवा शिरत होती आणि तीन मिस्त्रींनी स्क्रू सैल करत करत स्लोपुरतं पेट्रोल वाढवून ती झाकली होती. पण तो स्क्रू फक्त स्लोच्या भोकाचा. पडद्याजवळच्या वरच्या भोकांवर त्याचा ताबा नाही, म्हणून उभी गाडी शांत आणि चालती गाडी हैराण.

स्लो जेट काढून बघितला. साफ होता. (अडकला असेल तर क्लीनर आणि हवेनं साफ करा, तार घालू नका. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. तारेनं ते मोठं झालं की जेट फेकावा लागतो.) तो बसवला, इंजिन सुरू केलं आणि कार्बोरेटरच्या बाजूला कान नेला. पंख्याच्या आवाजाखाली एक बारीक "सूंऽऽ" चालू होतं. थ्रॉटलचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे बोट ठेवून दांडा किंचित वर दाबला, तर आवाज थांबला आणि इंजिनाचा सूर बदलला. सोडला की पुन्हा सूंऽऽ. दोन थेंब इंजिन ऑइल टाकलं, तर काही सेकंद शांत झालं, मग तेल आत ओढलं गेलं आणि शिट्टी परत आली. इतक्या वर्षांत दांड्यानं बॉडीचं भोक लांबट करून टाकलं होतं. कार्बोरेटर धुवून हे कसं जाणार?

बॉडी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेली, भोक रीम करून पितळी बुश टाकून घेतले आणि नवा दांडा बसवला. पडदा काढण्याआधी तो कोणत्या बाजूनं बसलाय त्याची खूण करून ठेवा. त्याचे स्क्रू पुन्हा बसवताना मागून चेपायला विसरू नका. सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं एक सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पेट्रोल गाडीच्या फ्युएल पंपात आणि नळीतच उकळू लागतं, गाडी थांबून पुन्हा सुरू केल्यावर दम टाकते. ते वेगळं दुखणं आहे. ओळखायचं असेल तर तीच गाडी पहाटे त्याच रस्त्यावर चालवा. पहाटेही झोके असतील तर दोष उन्हाचा नाही. आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटमधून येणारं मिश्रण मुळातच थोडं पातळ पडतं. जी फट पूर्वी खपून जायची ती आता जाणवते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही त्यानं लवकर खराब होतो. गाडी आली की नळ्या दाबून बघा.

तपासणीचे पैसे घ्यायला लाजू नका. काकांच्या गाडीला बुश टाकायला लागला त्याहून जास्त वेळ दोष शोधायला लागला, आणि तेच तर काम होतं.

स्क्रू दीड फेरीवर बसला. संध्याकाळी काकांनाच पुन्हा चालवायला दिली. तिसरा टाकला, पस्तीसवर आले, डावा हात सवयीनं गिअरच्या दांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आसोद्यापर्यंत त्यांनी गिअर बदलला नाही.